तीन गिअर की आठ? पेडल-ब्रेकच्या दोन हबांवर चौदा महिने

नेदरलँड्समधल्या नायमेखनला राहायला आल्यावर मी जी पहिली सायकल घेतली ती जुनीच होती. मागच्या चाकात शिमानो कंपनीचा तीन गिअरचा नेक्सस हब, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारा, आत गिअर असलेला डबा, आणि मागचा ब्रेकही त्याच हबच्या पोटात. पेडल उलटं दाबलं की चाक थांबतं. इथे त्याला ‘तेरुगट्रापरेम’ म्हणतात. शाळा-कॉलेज सगळं पुण्यात सायकलवर झालेलं, तरी पहिला आठवडा जड गेला. सिग्नलला थांबलं की चवड्याने पेडल मागे फिरवून वर आणायचं आणि हिरवा झाला की त्यावर भार द्यायचा, ही सवय अंगात मुरलेली. इथे पेडल मागे जातच नाही. ते खाली राहिलं तर निघताना पायाला जोरच मिळत नाही.

त्यावरचा उपाय महिनाभराने पायांनीच शोधला. थांबताना दोन्ही पेडलं आडवी ठेवायची. मागचा पाय दाबला की ब्रेक सर्वांत चांगला लागतो तो याच स्थितीत, आणि पकडायच्या आधी पेडल जरासं मागे सरकतं, म्हणून पुढचं पेडल आपोआप थोडं वर येतं. निघायला नेमकं तिथेच हवं असतं. आता विचारही करावा लागत नाही.

तीन गिअरवर आठ महिने काढले. गेले सहा महिने आठ गिअरची सायकल वापरतेय, तिचा हबही नेक्ससच आणि तोही पेडल-ब्रेकवाला. दोन्हींच्या साखळीच्या चकत्यांना पुढे ३८ दात आणि मागे १९, चाकं २८ इंची, त्यामुळे तुलना सोपी झाली. मागची चकती एकदा फिरली की चाक किती फिरतं, याचे तीन गिअरच्या हबचे आकडे ०.७३३, १ आणि १.३६४. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल अनुक्रमे साधारण ३.२, ४.४ आणि ६ मीटर जाते. आठवाल्यात पहिला गिअर ०.५२७ आणि शेवटचा १.६१५, म्हणजे २.३ मीटरपासून ७.१ मीटरपर्यंत. मधल्या सात गिअरच्या हबचा पल्ला ०.६३२ ते १.५४५ आहे. तो दुकानात फक्त चालवून पाहिला.

माझा रोजचा रस्ता लेंटहून स्नेलबाइंडर पुलावरून वाल नदी ओलांडून हेयंडालला. एवढ्यासाठी तीन गिअर पुरतात, हे मी मनापासून सांगते. पुलावर समोरून वारा आला की पहिला, एरवी दुसरा, वारा पाठीशी असला की तिसरा. प्रत्येक बदलाला ३६ टक्क्यांची उडी आहे, ती पायाला स्पष्ट कळते, पण चुकायला जागाच नाही. आठवाल्यात पायऱ्या सारख्या नाहीत. तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना जेमतेम १४ टक्के फरक पडतो, तर पाचव्यावरून सहाव्यावर २२. सपाट रस्त्यावर मी नेमकी त्या पाच-सहाच्या मध्येच अडकते.

मात्र बेर्ख एन डालकडे वळलं की हिशेब बदलतो. सेव्हनह्यूव्हलेनवेख म्हणजे सात टेकड्यांचा रस्ता. मागे कॅरिअरवर आठवड्याचं सामान असताना तिथे तीन गिअरची सायकल मी दोनदा हातात धरून चढवली. आठवाल्याच्या पहिल्या गिअरमध्ये बसूनच चढते. हॉलंड म्हणजे सपाट असं धरून कुणी तीन गिअर घेत असेल, तर आधी आपलं गाव नकाशावर बघा.

उताराला मात्र दोन्ही हब सारखेच जपावे लागतात. बेककडे उतरणाऱ्या औडे होलेवेखवर एकदा पूर्ण उतार फक्त पेडल दाबून उतरले. खाली येऊन हबला बोट लावलं तर चटका बसला. आत धातूवर धातू घासतो, मध्ये ग्रीस असतं, आणि ती उष्णता जायला फारशी वाट नाही. तेव्हापासून पुढचा हातब्रेक मुख्य, पेडलचा जोडीला. पावसात मात्र पेडल-ब्रेकसारखा ब्रेक नाही. रिम ओलीचिंब असो, तो रोजच्यासारखाच लागतो.

याच उतारावर एकदा मागून खडखड ऐकू आली. हबच्या डाव्या बाजूला एक लोखंडी पट्टी असते, ती फ्रेमला क्लिपने बांधलेली असते आणि ब्रेकचा सगळा झटका तीच घेते. ज्या दुकानात टायर बदलून घेतला त्यांनी तिचा बोल्ट घट्ट आवळलाच नव्हता. पट्टी हलत होती. तेव्हापासून चाक कुणीही काढलं की १० च्या पान्ह्याने तो बोल्ट मी स्वतः तपासते.

केबलची जुळणी दोन्हींची सोपी. तीनवाल्यात हँडलवर दुसरा गिअर लावायचा आणि उजवीकडच्या प्लास्टिकच्या डबीच्या खिडकीतली रेघ दोन खुणांच्या मध्ये आणायची. आठवाल्यात चौथा गिअर लावून दोन पिवळ्या रेघा समोरासमोर आणायच्या. आरशासारखं लख्ख दिसतं, फक्त चिखल पुसून घ्यायचा.

शेजारच्या आजोबांची टॉर्पेडो नावाच्या तीन-गिअर हबची सायकल पंधरा दिवस माझ्याकडे होती. तिचा ब्रेक फार हळुवार, दाबाल तेवढाच लागणारा. मोह पडला होता. पण ते हब बनवणाऱ्या जर्मन कारखान्याचा हा धंदा १९९७ मध्ये स्रॅम या अमेरिकी कंपनीकडे गेला आणि स्रॅमने २०१७ मध्ये गिअरचे हब बनवणंच थांबवलं. रोजच्या वापराला मला ते नको वाटलं. स्टर्मी-आर्चर कंपनीचा फार जुना टीसीडब्ल्यू हा पेडल-ब्रेकचा हब कुणी स्वस्तात देत असेल तर आणखी सावध राहा. त्यात ब्रेकचा जोर गिअरमधूनच जायचा, त्यामुळे केबल बिघडली की ब्रेकही जाऊ शकायचा. त्याच कंपनीच्या पुढच्या एस३सी हबमध्ये ही खोड काढली.

जुनी सायकल बघायला गेलात तर मागचं चाक उचलून एकेका गिअरमध्ये फिरवा आणि प्रत्येक वेळी पेडल उलटं दाबा. किती मागे जाऊन पकडतं ते बघा. मग खाली वाकून त्या पट्टीचा बोल्ट हलवून पाहा.