छपाई उत्तम, पण हॅगलरच्या चित्राखाली मार्सियानोची कारकीर्द

निपाणीतील आमच्या तालमीत कुस्तीबरोबरच मुष्टियुद्धाचा सराव सुरू झाल्यावर, मुलांना थोरामोठ्यांची ओळख व्हावी म्हणून बेळगावच्या एका दुकानातून जगज्जेत्या मुष्टियोद्ध्यांच्या बारा भित्तिपत्रकांचा संच ४८० रुपयांना आणला. कागद जाड आहे, रंग ठसठशीत आहेत आणि ओल धरणाऱ्या भिंतीवर सबंध पावसाळा काढूनही लॅमिनेशनची एकही कड सुटलेली नाही. छपाईबद्दल तक्रार नाही. तक्रार मजकुराबद्दल आहे.

मार्व्हिन हॅगलरच्या चित्राखाली ‘ब्रॉकटन ब्लॉकबस्टर, हेवीवेट विजेता, ४९ लढतींत अपराजित’ असे छापले आहे. हे सारे वर्णन रॉकी मार्सियानोचे आहे. १९५२ मध्ये हेवीवेट जगज्जेता झालेला मार्सियानो ४९ पैकी ४९ लढती जिंकून, त्यांतील ४३ नॉकआउटने, १९५६ मध्ये निवृत्त झाला. अमेरिकेतील ब्रॉकटन हे मार्सियानोचे जन्मगाव, आणि नेवार्कमध्ये जन्मलेला हॅगलरही पुढे तिथेच राहायला येऊन घडला. गल्लत बहुधा यातूनच झाली असावी.

हॅगलर मिडलवेट गटाचा होता. सप्टेंबर १९८० मध्ये लंडनच्या वेम्बलीत ॲलन मिंटरला तिसऱ्याच फेरीत हरवून त्याने जगज्जेतेपद मिळवले, ते बारा वेळा राखले आणि ६ एप्रिल १९८७ रोजी शुगर रे लेनर्डविरुद्ध पंचांमध्ये एकमत न होता लागलेल्या निकालात गमावले. कारकिर्दीतील ६७ लढतींपैकी ६२ त्याने जिंकल्या, ३ गमावल्या आणि २ बरोबरीत सुटल्या. ‘अपराजित’ हा शब्द त्याला लागू होत नाही, आणि त्याने त्याचे मोठेपण कमीही होत नाही.

टोपणनावाची चूक मला अधिक लागली. त्याचे टोपणनाव ‘मार्व्हलस’, म्हणजे अद्भुत. निवेदक ते उच्चारत नाहीत हे सहन न होऊन त्याने १९८२ मध्ये कायद्याने आपले नावच ‘मार्व्हलस मार्व्हिन हॅगलर’ असे करून घेतले. आपल्या भागाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले, तो आखाड्यात जिंकलेला किताब होता. दुसऱ्या कोणाच्या चित्राखाली तो छापला असता तर चिकोडी तालुक्यात कोणी गप्प बसले असते का? हॅगलरने झगडून मिळवलेल्या नावालाही तोच मान हवा.

दुकानदारांनी तक्रार शांतपणे ऐकून घेतली, परंतु संच बदलून दिला नाही. उरलेली अकरा पत्रके ताडून पाहिली, त्यांत चूक आढळली नाही. म्हणून संच घेण्यास हरकत नाही, मात्र हॅगलरचे पत्रक दुकानातच उघडून वाचावे. आमच्या पत्रकावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून एका मुलाने वळणदार अक्षरात योग्य नाव आणि ६२, ३, २ हे आकडे लिहिले आहेत.