बोनान्झा की लान्सर?

या दोन जुन्या अमेरिकी वेस्टर्न (काउबॉयच्या काळातल्या) टीव्ही मालिकांपैकी नवं आयुष्य शोधणारे भाऊ बघायचे असतील तर आधी ‘लान्सर’ (१९६८–७०, ५१ भाग) लावा. बॉस्टनचा स्कॉट आणि बंदूकबाज जॉनी हे सावत्र भाऊ बापाने कॅलिफोर्नियातल्या रँचवर (गुरं पाळण्याच्या मोठ्या मळ्यावर) बोलावल्यावरच एकमेकांना पहिल्यांदा भेटतात. तासभर ऐकून घेण्याचे बाप प्रत्येकी हजार डॉलर मोजतो, मग प्रत्येकाला रँचचा एक तृतीयांश हिस्सा देऊ करतो. पहिला भाग चुकवू नका, नाहीतर दोघांमधला अविश्वास कुठून आला ते कळतच नाही.

‘बोनान्झा’तले (१९५९–७३) कार्टराइट बंधू नेवाडात आधीच स्थिरावलेले, एकाच बापाचे पण तीन आयांचे तीन मुलगे. चारशेवर भाग, बहुतेक स्वतंत्र, त्यामुळे कुठूनही सुरू करा. मात्र १९६५ पर्यंतचे आधी निवडा. थोरला ॲडम त्यानंतर मालिकेतून गेला आणि भावांमधली खडाजंगी ओसरली.