दिवाळीत उत्तरेला की मे महिन्यात दक्षिणेला?

नॉर्दर्न लाइट्स पाहायला मे महिन्याच्या सुट्टीत नॉर्वेला निघणार असाल, तर तिकीट काढण्याआधी थांबा. २० मेच्या सुमारास तिथल्या ट्रोम्सो शहरात सूर्य मावळायचाच थांबतो, तो थेट जुलैच्या उत्तरार्धापर्यंत. हा ध्रुवीय प्रकाश, म्हणजे अरोरा, तेव्हाही आकाशात असू शकतो, पण भर उन्हात लावलेली पणती कोणाला दिसते?

मुलांच्या शाळेला बांधलेले असाल तर निवड इथेच होते. हा प्रकाश दक्षिण ध्रुवाकडेही दिसतो, आणि मेमध्ये तिकडे रात्री लांब असतात. म्हणून दिवाळीत उत्तर गोलार्ध, मेमध्ये दक्षिण. मात्र दोन्हीकडे संधी सारखी नाही.

सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या माऱ्यामुळे दोन्ही चुंबकीय ध्रुवांभोवती प्रकाशाचं एकेक कडं तयार होतं. उत्तरेच्या कड्याखाली गावं आहेत, विमानतळ आहेत, हॉटेलं आहेत. ट्रोम्सो तर त्याच्या अगदी खालीच. दक्षिणेच्या कड्याखाली अंटार्क्टिका आणि समुद्र. त्यामुळे टास्मानियातल्या होबार्टहून किंवा न्यूझीलंडच्या स्टुअर्ट बेटावरून आपण ते लांबून, क्षितिजालगत पाहतो. ऑक्सिजनचा हिरवा रंग साधारण १०० ते १५० किमी उंचीवरचा, लाल २०० किमीच्या वरचा. लांबून हा वरचा लालच जास्त नजरेच्या टप्प्यात येतो, आणि तोही पुष्कळदा कॅमेऱ्यालाच. डोळ्यांना नुसता फिकट करडा पट्टा. मे २०२४च्या सौरवादळात लडाखमधल्या हानलेच्या कॅमेऱ्यांनी टिपला तोही लालच.

चुंबकीय हालचाल मोजणारा केपी अंक ० ते ९ असतो. ट्रोम्सोला २ पुरतो. होबार्टला सहसा ५ किंवा वर लागतो. नकाशात अर्जेंटिनाचं उशुआया ५५ अक्षांशावर, म्हणजे होबार्टच्याही बरंच खाली दिसतं, पण फसू नका. दक्षिणेचा चुंबकीय ध्रुव ऑस्ट्रेलियाच्या बाजूला आहे, त्यामुळे उशुआया कड्यापासून फार दूर पडतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. फक्त अरोरासाठी पैसे साठवले असतील तर उत्तरेलाच जा. दक्षिणेला जायचं ते टास्मानियासाठी किंवा न्यूझीलंडमधल्या टेकापोच्या काळोख्या आकाशातली आकाशगंगा पाहायला. प्रकाश दिसला तर वरकमाई.

उत्तरेतही ट्रोम्सोला समुद्राचे ढग छळतात. मग टूरवाले व्हॅन घेऊन फिनलंडच्या हद्दीपर्यंत मोकळं आकाश शोधत फिरतात. स्वीडनमधलं आबिस्को डोंगरांच्या आडोशाला आहे, पर्जन्यछायेतलं. साताऱ्यापलीकडचा माण-खटाव आठवा. तिथे आकाश जास्त वेळा मोकळं मिळतं, पण गाव चिमुकलं. रात्र वाया गेली तर दिवसा करायला फारसं काही नाही. आईवडील, लहान मुलं सोबत असतील तर ट्रोम्सो, दोघंच असाल तर आबिस्को. कुठेही गेलात तरी चार-पाच रात्री हाताशी ठेवा.

दिवाळीत बर्फाची, कुत्र्यांच्या घसरगाडीची खात्री नाही. त्यासाठी जानेवारी-फेब्रुवारी बरा. पण लक्ष्मीपूजन अमावास्येचं, म्हणजे त्या आठवड्यात चंद्राचा उजेड जवळपास नाहीच.