बोन्सायचा तयार संच: कोकणातला एक पावसाळा काढल्यावर

फेब्रुवारीत ऑनलाइन मागवलेल्या संचाचा, पावसाळा उलटल्यानंतरचा हा अनुभव. खोक्यात ज्युनिपरचं रोप, मेपलच्या बियांची पुडी, कोकोपीटची (नारळाच्या सोडणाच्या भुशाची) वीट, चिनीमातीची उथळ कुंडी, १, १.५ आणि २ मिमी ॲल्युमिनियमची तार, फांदीकातर आणि दाणेदार खत एवढं येतं. तार आणि कातर पैसे वसूल करतात. झाडं आणि माती मात्र बर्फाच्या मुलखासाठी निवडलेली आहेत.

सोबतच्या पत्रकात हिवाळ्यावर पानभर मजकूर आहे: झाड घरात घेऊ नका, कुंडीतली मुळं गोठू नयेत म्हणून आडोशाला ठेवा. तिकडे ते बरोबरच. ज्युनिपर, मेपल, पाइन यांना दरवर्षी कित्येक आठवडे कडक थंडीतली विश्रांती लागते. रत्नागिरी-मालवणात जानेवारीतली पहाटसुद्धा सहसा १५ अंशांच्या खाली जात नाही. मेपलचं बी ओलसर वाळूत घालून फ्रीजमध्ये तीनेक महिने ठेवलं तर रुजतं, पण पुढे दर हिवाळ्यात झाड काय फ्रीजमध्ये ठेवणार?

ज्युनिपर तर फसवतं. मुळं कुजली तरी पाला कित्येक आठवडे हिरवाच दिसतो आणि माणूस पाणी घालत राहतो. शंका आली की खोडाची साल नखाने किंचित खरवडावी. खाली ओलसर हिरवं दिसलं तर जीव आहे. कोरडं तपकिरी दिसलं, तर आणखी दोन-तीन ठिकाणी पाहून रोप काढून टाकावं.

खरा घात कोकोपीट करतं. एप्रिल-मेमध्ये ते चांगलं वाटतं, कारण ओल धरतं. जुलैच्या झडीत तेच अंगाशी येतं: पाणी निथळत नाही, मुळांना हवा मिळत नाही, कुंडीला आंबूस वास यायला लागतो. त्याऐवजी ५ भाग जांभ्याची खडी, २ भाग विटांचे तुकडे आणि १ भाग चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत घ्यावं. खडी ३ ते ६ मिमीची हवी आणि त्याहून बारीक धूळ चाळून टाकायलाच हवी, नाहीतर तिचा चिखल होऊन भोकं बुजतात. बोटांनी चुरडणारा जांभा नको. खाडीची वाळू तर अजिबात नको, तिच्यात मीठ असतं. भोकांवर शेडनेटचा तुकडा तारेने बसवावा. सलग पाऊस लागला की कुंडीच्या एका बाजूखाली पाचर सारून ती तिरकी ठेवावी. तळाशी साठलेलं बरंचसं पाणी निघून जातं. पागोळ्यांखाली कुंडी ठेवू नये, वरची माती उडून मुळं उघडी पडतात.

थंड मुलखात हिवाळ्याला जी काळजी, ती आपल्याकडे पावसाळ्याला. म्हणून झाडही इथलंच घ्यावं. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत उगवलेला वड किंवा पिंपळ फुकट मिळतो आणि सुरुवातीच्या चुका सोसतो. मृगाचा पाऊस स्थिरावला की तो मुळांसकट अलगद सोडवून लावावा. कुंडीत आधीच रुजलेल्या झाडाची मुळंही तेव्हाच छाटावीत, पण एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नाहीत. जेड किंवा बोगनवेल घेतली तर पावसाळ्यात छप्पर लागतंच.

फांदीला वळण देण्यासाठी तिच्याभोवती तार गुंडाळतात. तारेची जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश असावी. संचातली २ मिमीची तार म्हणजे ६ मिमीच्या फांदीपर्यंतच चालते. खोड वळवायचं तर ३ मिमीची वेगळी घ्या. पत्रकातला "तार सहा महिने ठेवा" हा सल्ला वडाला लावू नका. पावसाळ्यात फांदी भराभर जाडावते आणि तार सालीत रुतते, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी पाहावं. काढताना उलगडत बसू नये, तुकडे करून काढावी. उलगडताना फांदी मोडते.

कातर कार्बन स्टीलची आहे. धार उत्तम, पण खाऱ्या हवेत पुसून शिवणयंत्राचं तेल लावल्याशिवाय ठेवली तर गंज ठरलेला. वडाचा चीक पात्यावर वाळू देऊ नका.

दाणेदार खत दाण्यातून हळूहळू झिरपतं. पाकिटावर ते सहा महिने पुरेल असं लिहिलंय. ती मुदत साधारण २१ अंश तापमान धरून काढतात. आपल्या उकाड्यात दाणे त्याआधीच रिकामे होतात. तेव्हा सांगितलेल्या मात्रेच्या निम्मं घालावं, आणि दाणा दाबल्यावर नुसतं टरफल उरलेलं दिसलं की पुन्हा निम्मं.