आउटर सीव्ही जॉइंट किट: जॉइंट एक नंबर, क्लॅम्प मात्र वेगळे घ्या

आधी निकाल सांगून टाकतो, जॉइंट (इंजिनची ओढ वळलेल्या चाकापर्यंत पोचवणारा, शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा) झकास आहे. वळताना येणारी कट-कट पूर्ण गेली, स्टिअरिंग शेवटपर्यंत मारून अ‍ॅक्सिलरेटर दिला तरी नाही, रिव्हर्समध्ये नाही, चढावर वळतानाही नाही. पाचपैकी चार स्टार. एक कापला तो क्लॅम्पसाठी (जॉइंटवरचं आवरण, म्हणजे बूट, आवळणारी पट्टी), त्याचं खाली सविस्तर लिहितो, कारण क्लॅम्प ढिला राहिला तर कितीही चांगला जॉइंट असो, तो लवकर मरणारच.

पण किट मागवण्याआधी आवाज नक्की कशाचा आहे ते नीट बघा. आउटर सीव्ही जॉइंटच्या आवाजाची खूण म्हणजे तो वळताना येतो, गाडीला ओढ असताना वाढतो आणि चाकाच्या वेगाबरोबर त्याचा ठेका जलद होतो. मोकळी जागा बघा, काच खाली करा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण मारा आणि हळूहळू गोल फिरवत हलका अ‍ॅक्सिलरेटर द्या, मग दुसऱ्या बाजूला, मग दोन्हीकडे रिव्हर्समध्ये. कोणी सोबत असेल तर त्याला बाहेर उभं करून ऐकायला सांगा, गाडीत बसून डावं की उजवं हे कळत नाही, आवाज बॉडीतून फिरून भलतीकडून आल्यासारखा वाटतो.

डावीकडे वळताना आवाज आला की उजवा जॉइंट गेला असं सगळे सांगतात, आणि बऱ्याचदा ते खरं निघतं कारण वळताना बाहेरच्या चाकावर वजन जास्त येतं. पण आतलं चाक जास्त कोनात वळलेलं असतं, म्हणजे तिथला जॉइंट जास्त वाकलेला असतो, त्यामुळे कधीकधी आतलाच बोलतो. म्हणून फक्त दिशेवर विसंबून पार्ट मागवू नका. गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावा, चाकामागचा रबरी बूट हाताने फिरवून प्रत्येक घडी उघडून बघा. चीर असेल, रिमच्या आतल्या बाजूला किंवा सस्पेन्शनच्या आर्मवर काळं ग्रीस उडालेलं असेल, तर तिथेच संशय पक्का करा. मग शाफ्ट एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने चाक पुढेमागे हलवा, दोन्ही बाजूंची तुलना करा, झिजलेल्या बाजूला खट्-खट् असा मोकळेपणा लगेच हाताला लागतो.

आता जे आवाज याच्यासारखे वाटतात पण याचे नसतात. सरळ रस्त्यावर कट-कट येत असेल तर आधी टायरच्या खाचांमध्ये खडा अडकलाय का बघा आणि चाकाचे नट पान्याने तपासा, ढिल्या नटाचाही असाच आवाज येतो आणि तो जॉइंटपेक्षा कितीतरी धोकादायक आहे. गाडी उभी असताना नुसतं स्टिअरिंग फिरवलं आणि टक् झालं तर शॉकअपचं वरचं माउंट किंवा बॉल जॉइंट बघा. वेगाबरोबर वाढणारी घुंईऽऽ अशी घरघर असेल तर ते बेअरिंग. अ‍ॅक्सिलरेटर सोडताना-दाबताना एकदाच धप्प किंवा जोर देताना गाडी थरथरत असेल तर आउटर नाही, गिअरबॉक्सकडचा इनर जॉइंट.

आणि एक प्रकार तर हमखास चकवतो. रिव्हर्स घेऊन परत पुढे निघताना एकदाच टक् होतं, मग काही नाही. हा बहुतेक वेळा जॉइंट नसतोच. जॉइंटचा खांदा जिथे बेअरिंगला टेकतो तिथे दोन्ही पृष्ठभाग कोरडे असतात, दिशा बदलली की ओढ उलटी होते आणि ते एकमेकांवर किंचित सरकतात, तोच टक्. तिथे चाकाच्या मधोमधचा मोठा नट (हब नट) काढून, शाफ्ट थोडा मागे ढकलून, दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करून मॉलिब्डेनमची पेस्ट लावायची आणि नवा नट बरोबर टॉर्कला आवळायचा, झालं काम. यासाठी पूर्ण अ‍ॅक्सल (शाफ्ट आणि त्याचे दोन्ही जॉइंट) बदलून देणारे मेकॅनिक आहेत, आणि नव्या नटामुळे आवाज जातो म्हणून गिऱ्हाइकालाही वाटतं की अ‍ॅक्सलच खराब होता, याचा मला मनापासून राग येतो.

आत नक्की काय होतं हेही सांगतो, म्हणजे ग्रीस भरून का भागत नाही ते कळेल. हा जॉइंट आल्फ्रेड झेप्पा नावाच्या इंजिनिअरने १९२० च्या दशकात काढला, १९५९ च्या मिनीनंतर पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या छोट्या गाड्यांमध्ये तो सर्रास दिसू लागला. आत सहा स्टीलच्या गोळ्या, त्यांना धरणारा पिंजरा, आणि आतल्या-बाहेरच्या वाटीत गोळ्यांसाठी कोरलेल्या वाटा. साध्या क्रॉस जॉइंटमध्ये कोन वाढला की पुढचा शाफ्ट एका फेरीत दोनदा जलद-सावकाश होतो. इथे पिंजरा गोळ्यांना कायम दोन्ही शाफ्टच्या कोनाच्या बरोबर मधोमध धरतो, त्यामुळे चाक ४५ अंशांच्या आसपास वळलेलं असलं तरी वेग एकसारखा राहतो. सरळ जाताना गोळ्या वाटेच्या मधल्या भागात जागच्या जागी राहतात, वळलात की त्या प्रत्येक फेरीत वाटेत पुढेमागे धावतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर, धूळ-पाणी आत, उरलेल्या ग्रीसमध्ये मिसळून त्याची घासायची पेस्ट होते आणि वाटांमध्ये खड्डे पडतात. गोळी खड्ड्यात पडून वर आली की कट. खड्डा ग्रीसने भरून येत नाही, आवाज थोडे दिवस दबतो इतकंच. म्हणून बूट फाटलाय पण आवाज अजून नाही अशा वेळी सापडलं तर जॉइंट धुऊन, वाटा तपासून फक्त बूट आणि ग्रीस बदला. आवाज सुरू झाल्यावर जॉइंटच.

पूर्ण अ‍ॅक्सल का नाही घेतला? कारण माझा मूळ शाफ्ट सरळ आहे, इनर जॉइंट घट्ट आहे, त्याचा बूटही शाबूत आहे, आणि मूळ शाफ्टवरचा कंपन दाबणारा जाड रबरी डँपर बाजारातल्या बऱ्याच स्वस्त अ‍ॅक्सलवर नसतो. स्वस्त अ‍ॅक्सल टाकल्यावर कट-कट जाते आणि नवी थरथर येते, हे अनेकांच्या गाडीत बघितलंय. इनरही गेला असेल किंवा शाफ्ट गंजून खाल्लेला असेल तर मात्र पूर्ण अ‍ॅक्सल घ्या, तिथे काटकसर नको.

आता किट. डब्यात जॉइंट, नवी सर्क्लिप (जॉइंट शाफ्टवर अडकवून ठेवणारी कडी), बूट, दोन क्लॅम्प, काळ्या मॉली ग्रीसची पुडी आणि नवा हब नट. जॉइंट हातात घेतल्यावर मोकळेपणा शून्य, वाटी सगळ्या दिशांना एकसारखी घट्ट वळते, कुठे अडकत नाही. दाते (जॉइंट, शाफ्ट आणि हब एकमेकांत अडकवणाऱ्या खाचा) स्वच्छ कापलेले. मी बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून चाकाकडचे दाते मोजले, शाफ्टकडचे दाते मोजले, बूटच्या खोबणीचा व्यास मोजला आणि एबीएसची कडी (जिच्यावरून ब्रेकचा सेन्सर चाकाचा वेग मोजतो) ताडून पाहिली, आणि हे प्रत्येकाने करावं असं माझं ठाम मत आहे. एकाच मॉडेलच्या गाडीत वर्ष बदललं की दातेही बदललेले असू शकतात. एबीएसची कडी नसलेला किंवा वेगळ्या दात्यांचा जॉइंट बसेल छान, पण डॅशबोर्डवर दिवा लागून बसेल.

बसवायचं काम घरी जमण्यासारखं आहे पण घाईचं नाही. हब नट गाडी चाकांवर असतानाच सैल करा, आणि सैल केल्यावर गाडी ढकलू किंवा चालवू नका, अ‍ॅक्सल बाहेर असताना चाकावर वजनही देऊ नका, बेअरिंग त्या नटाच्या दाबावरच धरलेलं असतं. खालचा बॉल जॉइंट सोडवला की हब बाहेर ओढता येतं. जॉइंट दात्यांतून निघत नसेल तर जुना नट टोकाला समपातळीत ठेवून त्यावर मऊ हातोडा मारा, आटे वाचतात. शाफ्ट धरून बाहेर खेचू नका, इनर जॉइंट आतल्या आत सुटतो आणि मग कामाचा पसारा दुप्पट. जुना आउटर शाफ्टवरून काढायला आतल्या वाटीवर पितळी दांडा टेकवून एकच नेमका जोरदार ठोका लागतो, हळूहळू टोचत बसलात तर सर्क्लिप अजूनच रुतते.

नवा बूट आणि छोटा क्लॅम्प आधी शाफ्टवर चढवा, मग नवी सर्क्लिप, मग जॉइंट ठोकून टक् असा बसल्याचा आवाज ऐका आणि ओढून खात्री करा. ग्रीस पुडीतलं सगळं वापरायचं, साधारण अर्धं जॉइंटमध्ये दाबून, उरलेलं बूटमध्ये. बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही. पुडीतलं ग्रीस दर्जेदार आहे, चिकट, काळंकुट्ट, प्रमाणही पुरेसं.

बूटबद्दल खास कौतुक. थर्मोप्लास्टिकचा आहे, निओप्रीनपेक्षा कडक, घड्या एकसारख्या जाड, खोबणीत गच्च बसतो. पण कडक बूटला क्लॅम्पही तितकाच ताकदीचा लागतो आणि इथेच कंपनीने हात आखडता घेतलाय. किटमधले क्लॅम्प पातळ पट्टीचे, छोटा तर कान (पट्टीवरचा दाबून आवळायचा उंचवटा) दाबतानाच लॉकमधून सुटला, मोठा आवळला तरी क्लॅम्पखाली बूट बोटाने फिरत होता. बूट फिरतोय म्हणजे ग्रीस बाहेर येणार, पाणी आत जाणार. मी दोन्ही काढून स्टेनलेसचे कान असलेले क्लॅम्प लावले आणि ते त्यांच्या खास पकडीनेच दाबले, साध्या पक्कडीने कान वाकडा होतो. क्लॅम्प दाबण्याआधी बूटची कड बोथट स्क्रूड्रायव्हरने किंचित उचलून आतली कोंडलेली हवा सोडा, नाहीतर बूट फुगलेला राहतो आणि वळताना घड्या एकमेकींवर घासतात.

हब नट नेहमी नवा आणि टॉर्क रेंचनेच. छोट्या-मध्यम गाड्यांमध्ये आकडा बहुतेक १८० ते ३०० न्यूटन मीटरमध्ये असतो, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या, अंदाजे पाइप लावून आवळणं बेअरिंगच्या जिवावर येतं. नंतर नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून लॉक करायला विसरू नका.

बसवून बरीच चाल झाली आहे, पाऊस-चिखल, खड्डे सगळं झालं. बूट कोरडा, रिमवर ग्रीसचा थेंब नाही, जॉइंटला हात लावून हलवलं तर नवा असताना होता तसाच घट्ट. दुसऱ्या बाजूच्या बूटवर घडीच्या तळाशी बारीक भेगा दिसायला लागल्यात, आवाज अजून नाही, त्यामुळे तिथे याच कंपनीचं फक्त बूट-ग्रीसचं किट मागवलंय, आणि स्टेनलेसचे क्लॅम्प त्याच ऑर्डरमध्ये वेगळे टाकलेत.