भुताचा सिनेमा: टॉकीजमध्ये की कूलरसमोर?

नवा भयपट आला की आमच्या घरी एकच वाद होतो. शेवटच्या खेळाची तिकिटं काढायची, की आठ आठवडे दम धरायचा? हिंदी सिनेमा साधारण तेवढ्या दिवसांनी ओटीटीवर उतरतो, बरेचदा आधी भाड्याने आणि मग सदस्यांना, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पैशाचा हिशेब ज्याचा त्याने करावा. दोघं असाल तर टॉकीज परवडतं, चौघं असाल तर पॉपकॉर्नच मानगुटीवर बसतं.

मला फरक जाणवतो तो जाहिरातीपासून. भयपट विकायची रीत पहिल्यापासून जरा वात्रट आहे. विल्यम कॅसल या अमेरिकन माणसाने १९५८ मध्ये ‘मकाब्र’ काढला, तेव्हा भीतीने कोणी दगावलं तर १००० डॉलरचा विमा जाहीर केला होता. आपल्याकडे रामगोपाल वर्माने २००८ मध्ये ‘फूंक’ टॉकीजमध्ये एकट्याने पाहून दाखवणाऱ्याला ५ लाखांचं बक्षीस लावलं. २००९ मध्ये ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’च्या जाहिरातीत अंधारात बसलेले प्रेक्षकच दाखवले, किंचाळणारे, एकमेकांचे दंड धरणारे. तिन्हीकडे भुताला फारसं काम नाही, सगळी भिस्त खुर्चीतल्या घाबरलेल्या माणसावर. लहानपणी नागपुरात बर्डीवरून शाळेत जाताना रामसे बंधूंच्या सिनेमांची हाताने रंगवलेली पोस्टरं दिसायची. त्यावर ‘फक्त प्रौढांसाठी’ लिहिलेलं असलं, की आत काय असेल याचा सिनेमा आम्ही वर्गात बसून स्वतःच तयार करायचो. माझ्या मते तो मूळ सिनेमापेक्षा चांगला असायचा.

घरच्या टीव्हीवर ही सोय नाही. रिमोट एखाद्या चित्रावर दोन सेकंद थांबला की झलक आपोआप सुरू होते, आणि ती नेमकी भूत दिसण्याचीच असते. जेवायला बसलेल्या माणसाला कढीभाताबरोबर क्लायमॅक्स वाढल्यासारखं होतं ते. सेटिंगमध्ये जाऊन हे बहुधा बंद करता येतं. मी दोनदा केलं, दोन्ही वेळा मुलांनी परत चालू केलं.

तरी ओटीटीला उगाच नावं ठेवणार नाही. मराठी भयपटाचं नागपुरात काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. शुक्रवारी लागतो, सोमवारी सकाळी अकराच्या एकुलत्या खेळावर जातो, आणि आपण रविवारी जाऊ म्हणेस्तोवर दुसरा रविवार उजाडलेला असतो. २०१७ चा ‘लपाछपी’ माझा असाच निसटला. विशाल फुरियाने पुढे त्याचाच हिंदी अवतार ‘छोरी’ केला, तो २०२१ मध्ये टॉकीजचं तोंड न पाहता थेट प्राइम व्हिडिओवर आला. मामुट्टीचा काळा-पांढरा ‘ब्रमयुगम’ही मी घरीच पाहिला. मराठी किंवा दक्षिणेकडचे भयपट हीच तुमची आवड असेल, तर निर्णय बराचसा झालाच आहे म्हणा.

माझा मात्र निर्णय कूलरने केला.

मागच्या मे महिन्यात ‘लपाछपी’ लावला. रात्रीचे साडेअकरा, तरी भिंती तव्यासारख्या. खिडकीत कूलर, त्याला नवा वाळा, पंप चालू. भयपटाचा निम्मा जीव शांततेत असतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण आमच्या कूलरचा आवाज म्हणजे खोलीत एसटी उभी करून इंजिन चालू ठेवल्यासारखा. पडद्यावर बाई दबक्या आवाजात काहीतरी सांगतेय, आम्ही एकमेकांना विचारतोय, काय म्हणाली? मग आवाज वाढवला. अठरा, पंचवीस, अडतीस. आता कुजबूज ऐकू यायला लागली, आणि पुढच्याच मिनिटाला पडद्यावर असा धडाका झाला की आतल्या खोलीतून आई ओरडली, “काय पडलं रे?” तिला काही पडलं नाही हे सांगून येईपर्यंत भूत येऊन गेलेलं. मागे घेऊन परत पाहिलं. परत पाहिलेल्या भुताला कोण भितं?

कूलर बंद करून पाहिला. सात मिनिटं टिकलो. मग बायकोने एक इअरबड स्वतःच्या कानात घातला, दुसरा मला दिला. मागून चालत येणारी पावलं फक्त माझ्या डाव्या कानात, आणि तिच्या उजव्यात बहुधा नुसता वारा. ज्याच्या घरी एसी आहे त्याला हे सगळं पोरकट वाटेल, आणि त्याचं बरोबरच आहे.

टॉकीजमध्ये त्रास नाही असं नाही. एकदा सिनेमा संपायला पाच मिनिटं असताना झाडूवाल्यांसाठी दार उघडलं आणि बाहेरच्या ट्यूबलाइटने भुताचा पार मेकअप उतरवला. पण ‘मुंज्या’ पाहिला ती रात्र सांगतो. जून २०२४, मृग लागायचे दिवस, बाहेर अजून झळा. मराठी घरात मुंज्या कोण हे समजावायला लागत नाही. पिंपळाखालून संध्याकाळी जाऊ नको म्हणत आजीने जाहिरात आधीच करून ठेवलेली असते. पोरगा नको तिथे निघाला तसा मागच्या रांगेतून आवाज आला, “कायले जाते बे तिकडं, मरशीन ना!” सगळं टॉकीज हसलं. हसताना माणूस सैल होतो, आणि त्या सैल क्षणातच पडद्यावरून दणका बसला. माझ्या शेजारच्या अनोळखी काकांनी माझा हात धरला. नंतर त्यांनी तो सोडला, पण आम्ही दोघांनीही मध्यंतरापर्यंत एकमेकांकडे पाहिलं नाही.

घरी हात धरायला रिमोट असतो. आणि त्यावर दहा सेकंद पुढे जायचं बटण असतं, ज्यावर माझा अंगठा मला न विचारता जातो.

‘तुंबाड’चंच घ्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा गर्दी बेताची होती. पुढे वर्षानुवर्षं घरबसल्या पाहायला मिळत होता, तरी १३ सप्टेंबर २०२४ ला टॉकीजमध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला. आम्हीही गेलो. त्यातला तो धो धो पाऊस चहूबाजूंनी ऐकला, तेव्हा घरी इतकी वर्षं मी पाऊस पाहिला होता की कूलर, असा प्रश्न पडला.

परतताना बेसमेंटमध्ये गाडी शोधायची असते. दुसरा तळमजला, एक दिवा फडफडतोय, मागे कोणाच्या तरी चपला. ते तिकिटाच्या पैशात धरलेलं असतं.

डिसेंबर-जानेवारीत कूलरला ताडपत्री गुंडाळली, की माझं मत थोडं घराकडे झुकतं. पांघरूण, खिडक्या बंद, आवाज बारावर. मुलं झोपल्यावर लावा, आणि रिमोट बायकोकडे द्या.