पावती आमच्या नावाची, पैसे भलत्याच्या खिशात

कोकण किनाऱ्यावर मोटरसायकलने फिरायची टीव्ही मालिका करायला जे निघालेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. आणि असल्या मालिकेला पाच-दहा हजारांची जाहिरात देणाऱ्या होमस्टेवाल्यांसाठी, काजूवाल्यांसाठी, गॅरेजवाल्यांसाठीही. फसवणारा माणूस या दोघांना एकाच वेळी गाठतो. दोघं एकमेकांशी थेट बोलत नाहीत, एवढंच त्याचं भांडवल.

आधी पैशांचं गणित सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. टीव्हीवर कार्यक्रम दिसला की लोकांना वाटतं, चॅनेल यांना पैसे देत असणार. आमच्यासारख्या स्वतंत्र निर्मात्यांचं बहुतेक वेळा उलटं असतं. दूरदर्शनवर प्रायोजित कार्यक्रमांची जुनी पद्धत अशी, की निर्मात्याने प्रसारण शुल्क भरायचं, त्या बदल्यात त्याला जाहिरातींसाठी ठरावीक सेकंद मिळायचे, आणि ते विकून त्याने आपला खर्च काढायचा. खासगी वाहिन्यांवर अर्ध्या तासाचा स्लॉट सरळ विकत घ्यावा लागतो. पेट्रोल, कॅमेरा, एडिटिंग, राहणं-खाणं हे सगळं वर. मोठ्या जाहिरात एजन्सीत गेलं की पहिला प्रश्न टीआरपीचा. जी मालिका अजून दिसलीच नाही तिचा टीआरपी कुठून आणायचा? मग माणूस आपल्या गावाकडे वळतो. रिसॉर्ट, बाइकचं शोरूम, आंबा कॅनिंगवाले, पेट्रोल पंप, किनाऱ्यावरची खानावळ. त्यांना द्यायला आमच्याकडे असतं काय, तर दहा सेकंदांची जाहिरात, खाली सरकणारी सौजन्याची पट्टी आणि बाइकच्या लगेज बॉक्सवर एक स्टिकर.

आमची, म्हणजे माझी आणि माझ्या जोडीदाराची, मालिका रेवस ते रेडी अशी होती. शक्यतो समुद्र सोडायचा नाही, जिथे खाडीवर पूल नाही तिथे बाइक फेरीबोटीत चढवायची. वेसवीहून बागमांडल्याला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला. किनारा एक असला तरी हा पट्टा रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा तीन जिल्ह्यांत पसरलाय. या पसरण्याचा फायदा कोणी कसा घेतला ते पुढे येईलच.

एक गृहस्थ आमच्याकडे आपणहून आले. जाहिरातीच्या धंद्यात बरीच वर्षं आहोत म्हणाले, आणि बोलण्यावरून ते खरंही वाटत होतं. कोणत्या हॉटेलचा मालक कोणाचा जावई, कोणत्या कारखानदाराचं कोणाशी वाकडं, कोणाच्या घरी गणपती पाच दिवसांचा आणि कोणाच्या सात, सगळं तोंडपाठ. किनाऱ्यावर ही माहिती म्हणजे ओळखपत्रच. तुम्ही शूटिंग करा, प्रायोजक मी आणतो, मला पंधरा टक्के, असं ठरलं. कमिशनवर माणूस ठेवण्यात गैर काही नाही, सगळेच ठेवतात. गैर होतं ते त्यांच्या दुसऱ्या अटीत, आणि ती अट ऐकायला अगदी शहाणपणाची वाटते.

अट अशी, की बोलणी चालू असताना पार्टीला तुम्ही फोन करायचा नाही. ‘मी प्रत्येकाला वेगळा रेट दिलाय. तुमच्या तोंडून भलताच आकडा गेला तर सगळं फिसकटेल.’ नेमकं हेच पलीकडे, म्हणजे प्रायोजकाला, उलट्या बाजूने सांगितलेलं. ‘तुम्हाला घरचा म्हणून कमी रेट लावलाय. त्या पोरांना कळलं तर ती चिडतील, तुमचं नाव काढून टाकतील. आणि तसंही ती शूटिंगला असतात, फोनला रेंज नसते.’ आमच्या वाटेवर बऱ्याच ठिकाणी रेंज खरोखरच नसते, त्यामुळे हे खोटं कोणी पडताळून बघण्याचा प्रश्नच नव्हता. गुप्त रेट हे या फसवणुकीचं कुलूप आहे, आणि किल्ली दोन्ही बाजूंनी त्याच माणसाकडे राहते. मालिकेचे बाकी सगळे कागद खरे असोत, मध्यस्थ ‘त्यांना सांगू नका’ म्हणाला की तिथेच थांबायचं.

त्याने आम्हाला काहीच आणून दिलं नाही असंही नाही. एका गॅरेजवाल्याचे आणि एका खानावळीचे पैसे आमच्या खात्यात आले, चोख आले. हे दोन दाखले त्याने पुढे सगळीकडे फिरवले.

मग गणपती आले. सिंधुदुर्गात गणपतीत मुंबईहून चाकरमानी घरी आलेले असतात, घरोघरी आरत्या, भजनं, आणि प्रत्येक दारात कुठल्या ना कुठल्या मंडळाचं पावतीपुस्तक. हा माणूस त्या दिवसांत फिरला. जाताना मोदकांचा डबा न्यायचा, आरतीला उभा राहायचा, चहा व्हायचा, आणि मग पिशवीतून पावतीपुस्तक काढायचा. लोक ज्या हाताने वर्गणी देतात त्याच हाताने त्यांनी जाहिरातीचे पैसे दिले. वर्गणीचा हिशोब कोणी मागत नाही, आणि मागणाऱ्याकडे लोक जरा वाईटच नजरेने बघतात.

आम्हाला हे कळलं तोंडवळीच्या बाजूला. एका होमस्टेच्या अंगणात बाइक लावून मी मालकीणबाईंना विचारत होतो, की माडांच्या मधून समुद्राकडे जाणारी तुमची वाट आहे तिथे सकाळी शूट केलं तर चालेल का. काकी म्हणाल्या, ‘करा, पण आमचा नाव कधी येतला टीव्हीर? आमी पैशे दिलेले आसत.’ मला वाटलं, दुसऱ्याच कुठल्या कार्यक्रमाबद्दल बोलतायत. त्या आत गेल्या आणि विजेच्या बिलांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून पावती घेऊन आल्या.

ती पावती मी नीट बघितली, आणि तुम्हीही अशी पावती नीट बघावी म्हणून सांगतो. गुलाबी कागद, वर ‘श्री’, खाली आमच्या मालिकेचं नाव. शेजारी आमच्याच पोस्टरमधून कापून घेतलेला माझ्या बाइकचा फोटो, नंबर प्लेटसकट. आकडा अकरा हजार. छापील मजकूर होता ‘यांजकडून देणगीदाखल साभार पोच’. त्यातलं ‘देणगी’ पेनाने खोडून वर ‘जाहिरात’ लिहिलेलं. म्हणजे छापखान्यात कुठल्या तरी मंडळाच्या पावतीचा साचा तयार पडलेला होता, तोच उचललेला. खाली गोल रबरी शिक्का, ‘अधिकृत प्रतिनिधी’. पत्ता नाही, पॅन नाही, बँकेचा उल्लेख नाही, फोन नंबर एकच आणि तो त्याचाच.

काकींना मी म्हटलं, हे पैसे आमच्याकडे आलेले नाहीत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ‘तुमचोच माणूस इल्लो ना? तुमचो फोटो होतो त्याच्याकडे.’ यावर उत्तर काय देणार? फोटो आमचाच होता. त्यांच्या दृष्टीने त्या क्षणी चोर दारात उभा होता आणि वर माडांच्या वाटेची परवानगी मागत होता.

त्यानंतर आम्ही शूटिंग बाजूला ठेवून आल्या वाटेने उलटे फिरलो आणि प्रत्येक ठिकाणी पावती आहे का विचारत गेलो. मालवण, देवगड, पावस, गुहागरच्या बाजूला, दापोलीकडे. गुलाबी कागद सगळीकडे निघाले. कोणाकडे पाच हजार, कोणाकडे अकरा, एका रिसॉर्टवाल्याकडे पंचवीस. त्या रिसॉर्टवाल्याने रोख द्यायला नकार देऊन बिल मागितलं होतं, तर त्याला बिलही मिळालं होतं. त्यावर अठरा टक्के जीएसटी लावलेला, नऊ आणि नऊ असा व्यवस्थित फोडून. खाली जीएसटी नंबर, पंधरा अंकी-अक्षरी, महाराष्ट्राच्या 27 ने सुरू होणारा. दिसायला बिनचूक. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला तर निघालं एक टाइल्सचं दुकान, आणि तेही नोंदणी रद्द झालेलं. हे बघायला लॉगिन लागत नाही, फुकट आहे, मिनिटभराचं काम आहे. बिलात जीएसटी असेल तर हा नंबर तपासाच. आणि ज्याच्याकडे नोंदणी नाही त्याला जीएसटी घ्यायचा अधिकारच नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही, त्यामुळे आमच्यासारख्या लहान निर्मात्याच्या बिलावर जीएसटी दिसलाच नाही तरी घाबरू नका. दिसला तर मात्र विचारा.

काहींनी क्यूआर कोडवर पैसे भरले होते. कोड आमचा लोगो छापलेल्या लॅमिनेटेड कार्डावर चिकटवलेला. स्कॅन केल्यावर पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं. तिथे मालिकेचं किंवा आम्हा दोघांपैकी कोणाचंच नाव नव्हतं, कुठल्यातरी मोबाइल शॉपीचं होतं. नाव वाचायचा तो एक क्षण असतो. समोर माणूस गप्पा मारत बसलेला असताना तो क्षण निघून जातो.

इकडे आम्हालाही त्याने मोकळं सोडलं नव्हतं. शीर्षक प्रायोजक म्हणून एका बांधकाम व्यावसायिकाचा तीन लाखांचा चेक त्याने आणून दिला होता, महिनाभर पुढच्या तारखेचा. चेक हातात आला म्हणून त्याचं पंधरा टक्के कमिशन त्याला रोख गेलं. चेक भरला तर शेरा आला ‘खाते बंद’. असा चेक परत आला की चलनक्षम दस्तऐवज कायद्याचं कलम 138 लागतं, पण त्यात तारखा कडक असतात. बँकेचा शेरा मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवायची, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवसांची मुदत, आणि ती संपल्यावर महिन्याभरात कोर्टात तक्रार. समोरचा ‘थांबा, देतोय, पाडवा होऊ दे’ करत तुमचे 30 दिवस खाऊन टाकतो. चेक पुन्हा भरा असं तो सुचवतो तेही वेळ काढायलाच. आमची नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ म्हणून परत आली. चेक कोणाचाही असो, कमिशन द्यायचं ते पैसे खात्यात जमा झाल्यावर. हा साधा नियम या धंद्यात जो मध्यस्थ मानत नाही त्याला दारातूनच परत पाठवा.

पोलिसांकडे गेलो तेव्हा पहिल्या ठिकाणी सांगण्यात आलं की ही देणीघेणी आहे, दिवाणीत जा. दुसरं कारण हद्दीचं. दापोलीवाल्याने दापोलीत जावं, देवगडवाल्याने देवगडला. आणि इथेच त्या माणसाची खरी हुशारी आहे. तीन जिल्ह्यांत, एका गावात एक-दोनच घरं, रक्कम अशी की माणूस हळहळतो पण पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. अकरा हजारांसाठी सीझन सोडून फेऱ्या कोण मारणार? म्हणून हे नोंदवून ठेवा. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झालेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी, कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. फसवून पैसे काढून घेणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) मध्ये येतं, शिक्षा सात वर्षांपर्यंत. आम्ही सगळ्यांच्या पावत्यांच्या प्रती एकत्र जोडून, एकाच माणसाने एकाच मालिकेच्या नावाने हे केलंय असं मांडून अर्ज दिला, तेव्हा कुठे ‘दिवाणी’ हा शब्द बंद झाला. यूपीआयने पैसे गेले असतील तर मात्र अर्ज-बिर्ज लिहीत बसू नका, ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरवले जायच्या आधी कळवलं तरच ते गोठवले जाण्याची आशा असते. आमच्या लोकांना कळलं तोवर फार उशीर झाला होता.

आमच्यात एक वाद अजून मिटलेला नाही. ज्यांच्याकडे गुलाबी पावत्या आहेत त्यांची नावं पट्टीत घालावीत, असं माझं म्हणणं. आमच्या नावावर त्यांनी विश्वास ठेवला होता. जोडीदार म्हणतो, असं केलं तर आपणच त्या पावत्या खऱ्या ठरवतो, उद्या तो माणूस कोर्टात हेच दाखवेल. वकिलांनी जोडीदाराच्या बाजूने मान हलवली. मला अजूनही पटलेलं नाही, पण तूर्तास नावं थांबवलीत आणि प्रत्येकाला लेखी कळवलंय की तुमचे पैसे आमच्याकडे पोचलेले नाहीत, तक्रार दिलेली आहे, तिची प्रत सोबत आहे. काकींकडे मी स्वतः जाऊन ते पत्र दिलं. त्यांनी ते त्याच विजेच्या बिलांच्या पिशवीत ठेवलं आणि चहा विचारला नाही.

आता आमचं रेट कार्ड एकच आहे, सगळ्यांना तेच, आणि ते उघडपणे दाखवतो. पैसे फक्त मालिकेच्या बँक खात्यात घेतो. जो बोलणी करतो तो पैशाला हात लावत नाही. रक्कम आली की त्याच दिवशी आम्हा दोघांपैकी एक जण प्रायोजकाला फोन करतो, बाइकवर त्यांचा स्टिकर लावल्याचा फोटो पाठवतो, आणि कुठल्या भागात किती सेकंद दिसणार ते एका पानावर लिहून सही करून देतो. यात कमिशनवाले दोघे सोडून गेले. जाऊ देत.

तो गृहस्थ अलीकडे रायगडात दिसल्याचं कानावर आलंय, या वेळी कयाकवरून किनारा फिरणाऱ्या एका मालिकेचा प्रतिनिधी म्हणून. ती मालिका खरी असेलही, आमचीही होती. श्रीवर्धन, मुरुड, अलिबागकडच्या मंडळींच्या दारात असं कोणी पावतीपुस्तक घेऊन आलं, तर मालिकेच्या माणसांना त्याच्यासमोरच फोन लावा, आणि नंबर त्याच्याकडून न घेता स्वतः शोधून लावा. ज्यांनी आधीच पैसे दिलेत त्यांनी पावती रागाने फाडून टाकू नये. दोन्ही बाजूंचे फोटो काढून मूळ कागद जपून ठेवा, आणि पावतीवरचा अनुक्रमांक तक्रारीत लिहा. आमच्या पावत्यांचे अनुक्रमांक ओळीने लावल्यावरच मधले कितीतरी गायब आहेत, म्हणजे अजून कितीतरी घरं पुढे आलेली नाहीत, हे तपास करणाऱ्या हवालदारांच्या ध्यानात आलं.